समुद्र मोजणारं जहाज: 'वित्याझ'वर काय पाहायचं आणि ते कसं समजून घ्यायचं

वर्धा आणि वैनगंगा गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ मिळतात. तिथून पुढे नदीचं नाव प्राणहिता. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. पैनगंगेचं पाणी वर्धेतून त्याच वाटेने जातं. बुलडाणा, अकोला, अमरावतीकडची पूर्णा मात्र तापीला मिळून अरबी समुद्र गाठते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या आपल्या वावरातलं पाणी असं दोन्ही समुद्रांना पोचतं, आणि पावसाळ्यात परत येतं तेही तिथूनच. जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भात लागून बसणारा पाऊस बहुतेक वेळा बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात तयार झालेल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे पडतो. हे पट्टे ओडिशा आणि छत्तीसगड ओलांडून आपल्याकडे सरकतात.

म्हणून समुद्राचं तापमान किती, पाणी किती खारं, खाली काय चाललंय, हे प्रश्न कोकणाइतकेच आर्वी-अहेरीचेही आहेत. आज ही माहिती उपग्रह आणि समुद्रात सोडलेली स्वयंचलित यंत्रं देतात. पण उपग्रहाला पाण्याचा अगदी वरचा थरच दिसतो. त्याखालचं पाणी कसं आहे हे माणसाने पहिल्यांदा जाणलं ते जहाज थांबवून, तार सोडून, एकेक बाटली पाणी वर काढून. हे काम केलेल्या जुन्या जहाजांपैकी फार थोडी शिल्लक आहेत. त्यातलं 'वित्याझ' आज रशियात कालिनिनग्राड शहरात संग्रहालय म्हणून नदीकाठी उभं आहे. हिंदी महासागराच्या पहिल्या मोठ्या सामूहिक मोजणीत हे जहाज होतं, म्हणून आपल्या दृष्टीने ते विशेष महत्त्वाचं.

जहाज कोणतं, कुठून आलं

'वित्याझ' १९३९ मध्ये जर्मनीत 'मार्स' नावाचं मालवाहू जहाज म्हणून बांधलं गेलं. लांबी सुमारे १०९ मीटर, रुंदी साडेचौदा मीटर. १९४५ च्या सुरुवातीला याच जहाजाने कोनिग्सबर्ग शहरातून हजारो निर्वासितांना बाहेर काढलं. ते कोनिग्सबर्ग म्हणजे आजचं कालिनिनग्राड. युद्धानंतर जहाज आधी ब्रिटनकडे आणि मग सोव्हिएत संघाकडे गेलं. माल ठेवायच्या जागी प्रयोगशाळा आणि शास्त्रज्ञांच्या खोल्या बांधल्या गेल्या आणि १९४९ पासून ते संशोधनाला लागलं. पुढच्या ३० वर्षांत ६५ मोहिमा आणि सुमारे ७,९०० स्थानकं झाली. स्थानक म्हणजे भर समुद्रात एका ठरलेल्या अक्षांश-रेखांशावर जहाज थांबवून केलेली पूर्ण मोजणी.

१९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची मिळून ४० च्या आसपास जहाजं तीत उतरली. 'वित्याझ' त्यात होतं, आणि आपल्या नौदलाचं 'आयएनएस किस्तना'ही. या मोहिमेतूनच पुढे १ जानेवारी १९६६ रोजी भारताची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, तीच आज गोव्यात दोना पावला इथे आहे.

१९७९ मध्ये 'वित्याझ' निवृत्त झालं. त्यानंतर दहा-अकरा वर्षं ते कालिनिनग्राडच्या बंदरात गंजत पडलं होतं. भंगारात जायचं ते थोडक्यात वाचलं, दुरुस्त झालं, आणि १९९४ मध्ये लोकांसाठी खुलं झालं.

आधी डेकवरचं विंच पाहा

पाहुणे बहुधा सुकाणूच्या खोलीकडे आणि कप्तानाच्या केबिनकडे आधी वळतात. आमचं सांगणं, आधी डेकवरचं विंच गाठा. विंच म्हणजे तार गुंडाळलेला मोठा ड्रम आणि तो फिरवणारी मोटर. संशोधनाच्या जहाजाचं सगळं काम या ड्रमभोवती चालतं. तो बिघडला तर प्रयोगशाळेतल्या माणसांना हात बांधून बसावं लागतं.

खोली मोजण्यापासून सुरुवात करू. विहिरीत दोराला दगड बांधून सोडला की दगड तळाला टेकताच दोर सैल पडतो, हाताला कळतं. समुद्रात हे का जमत नाही? चार-पाच किलोमीटर दोर सोडला की त्या दोराचंच वजन दगडापेक्षा जास्त होतं. दगड टेकला तरी दोर ताणलेलाच राहतो आणि ड्रमवरून सुटतच जातो. १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरलेल्या ब्रिटिश 'चॅलेंजर' जहाजावर यावर साधा उपाय होता. दोरावर ठरावीक अंतरावर खुणा केलेल्या असत आणि प्रत्येक खूण पाण्यात जायला किती सेकंद लागले हे घड्याळ लावून टिपलं जाई. वजन तळाला टेकलं की ओढ कमी होते आणि पुढच्या खुणेला एकदम जास्त वेळ लागतो. तिथे तळ. मार्च १८७५ मध्ये पश्चिम पॅसिफिकमध्ये त्यांनी याच पद्धतीने ८,१८४ मीटर खोली मोजली. ते जहाज आता नाही. १९२१ मध्ये ते मोडीत निघालं, फक्त त्याच्या नाळेवरचा लाकडी पुतळा इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला जपलेला आहे.

आता तारेचा हिशेब. ८ मिलिमीटर जाडीच्या पोलादी दोराचं वजन मीटरला साधारण पाव किलो भरतं. १० किलोमीटर सोडला तर अडीच टन, पाण्यात थोडं कमी. हे सगळं ओझं दोराच्या वरच्या टोकावर येतं, कारण त्याला खालचा सगळा दोर तोलायचा असतो. जहाज लाटेवर उचललं गेलं की त्यात हिसका मिळतो. म्हणून फार खोल कामासाठी दोर वर जाड आणि खाली क्रमाक्रमाने बारीक ठेवतात. सगळाच जाड घेतला तर तो स्वतःच्या वजनाने संकटात येतो, सगळाच बारीक घेतला तर वरून तुटतो.

ड्रमजवळ एक कप्पी दिसेल, तिला आकड्यांचं चक्र जोडलेलं असतं. तार कप्पीवरून जाते, कप्पी फिरते आणि किती मीटर तार सुटली हे चक्रावर दिसतं. तारेवर ग्रीस जास्त असेल तर ती कप्पीवरून घसरते आणि आकडा कमी येतो. आणि आकडा बरोबर असला तरी सुटलेली तार म्हणजे खोली नव्हे. वारा जहाजाला ढकलतो, खालचा प्रवाह तारेला ओढतो, तार तिरपी होते. १,५०० मीटर तार सोडली आणि ती उभ्या रेषेपासून सरळ ३० अंश कलली, तर टोक १,३०० मीटरवरच असतं. दोनशे मीटरची चूक! ती कशी पकडायची याचं उत्तर पुढच्या वस्तूत आहे.

पितळी बाटली: इथे वेळ द्या

काचेच्या कपाटात किंवा भिंतीवरच्या रॅकवर हातभर लांबीच्या पितळी नळ्यांची रांग दिसेल. या नान्सेन बाटल्या. नॉर्वेचे शास्त्रज्ञ फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी हा नमुना घडवला. एका बाटलीत साधारण सव्वा लिटर पाणी मावतं. संग्रहालयात एकाच वस्तूसमोर अर्धा तास थांबायचं असेल तर हिच्यासमोर थांबा.

बाटली खाली जाताना दोन्ही तोंडांनी उघडी असते, पाणी आरपार जातं. बंद बाटली पाठवली तर पाण्याचा दाब तिला उघडू देत नाही किंवा चिरडून टाकतो, कारण दर १० मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो. बाटलीचं खालचं टोक तारेला पक्कं घट्ट केलेलं असतं आणि वरचं टोक एका खटक्याने अडकवलेलं. अशा दहा-बारा किंवा जास्त बाटल्या एकाच तारेवर ठरलेल्या अंतरावर लावत तार खाली सोडतात. खोल्या जगभर सारख्या ठरवलेल्या होत्या: ०, १०, २०, ३०, ५०, ७५, १००, १५०, २०० मीटर, आणि पुढे अंतर वाढवत हजारो मीटरपर्यंत. वर दाट आणि खाली विरळ, कारण तापमान आणि क्षार वरच्या काही शे मीटरमध्येच झपाट्याने बदलतात.

सगळ्या बाटल्या जागेवर गेल्या की पाच ते दहा मिनिटं थांबायचं. बाटलीच्या अंगाला तापमापक लावलेले असतात, त्यांनी आजूबाजूच्या पाण्याचं तापमान घ्यायला एवढा वेळ लागतो. घाई केली तर वरच्या कोमट पाण्याची ऊब तापमापकात राहते आणि आकडा चुकतो. मग तारेवरून एक लहान पितळी वजन सोडतात. त्याला निरोप्या म्हणू. तो तारेवरून घरंगळत मिनिटाला साधारण २०० मीटर वेगाने खाली जातो आणि पहिल्या बाटलीच्या खटक्यावर आपटतो. वरचं टोक सुटतं, बाटली खालच्या टोकाभोवती उलटी फिरते आणि फिरताना दोन्ही झडपा बंद होतात. त्याच क्षणी तिच्याखाली अडकवलेला दुसरा निरोप्या सुटतो आणि पुढच्या बाटलीकडे निघतो. अशी साखळी तळापर्यंत जाते. ४,००० मीटरची रांग असेल तर शेवटची बाटली बंद व्हायला वीस मिनिटं लागतात. बोट तारेवर टेकवून अनुभवी माणूस खालचे धक्के मोजत उभा राही.

या साखळीत कुठे काय बिघडतं? एका बाटलीचा खटका अडकला तर तिच्याखालची एकही बाटली बंद होत नाही, सगळी फेरी वाया जाते. तारेला पीळ पडला असेल, तारेचा एखादा धागा तुटून वर आला असेल, किंवा जेलीफिशचे चिकट तंतू तारेभोवती गुंडाळले असतील तर निरोप्या वाटेतच थांबतो. उलट, जहाजाला जोराचा हिसका बसला तर बाटली वेळेआधीच उलटते आणि भलत्याच खोलीचं पाणी घेऊन येते. झडपेत वाळूचा कण राहिला तर वर येताना गळती होते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर बाटल्या तपासून, धुऊन रॅकवर क्रमाने लावत. क्रमांक उलटसुलट झाला की पुढचे सगळे आकडे निरर्थक.

बाटलीवरचा तापमापकही नीट पाहा. साधा तापमापक २,००० मीटरवरून वर आणताना वाटेतल्या कोमट पाण्यात पारा चढवून बसेल. १८७४ मध्ये लंडनच्या नेग्रेटी आणि झांब्रा या उपकरणं बनवणाऱ्यांनी उलटा होणारा तापमापक काढला. त्याच्या नळीत एका जागी चिमटा असतो. तापमापक उलटा झाला की पाऱ्याचा धागा बरोबर त्या चिमट्याशी तुटतो आणि तुटलेला भाग दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. तिथल्या खुणांवर तो आकडा वर येईपर्यंत अडकून राहतो. वर डेकवर ऊन असतं आणि तुटलेला पारा तेवढ्यापुरता थोडा प्रसरण पावतो, म्हणून शेजारी एक छोटा साधा तापमापक असतो, त्याच्या वाचनावरून दुरुस्ती करतात. भिंगातून दोन माणसं वेगवेगळं वाचून आकडा लिहीत. अंशाच्या शंभराव्या भागापर्यंतचा हिशेब होता, कारण खोल पाण्यात दोन ठिकाणांमधला फरकच मुळात तेवढा असतो.

आणि आता मघाची तिरप्या तारेची चूक. काही बाटल्यांवर असे दोन तापमापक जोडीने लावलेले असतात. एकाला जाड काचेचं कवच असतं, त्याला दाब लागत नाही. दुसरा उघडा असतो. दाबाने उघड्या तापमापकाची काच दबते, पारा वर चढतो, आणि तो दर १०० मीटरला साधारण १ अंश जास्त दाखवतो. कवचवाल्याने ५ अंश दाखवले आणि उघड्याने १५, तर बाटली हजार मीटरच्या आसपास उलटली. तार काही का सांगेना! दाबाची अडचण मोजणीच्या कामाला लावणारी ही जोडी आम्हाला अख्ख्या जहाजावरची सर्वांत हुशार वस्तू वाटते.

प्रयोगशाळा, आणि खारपाणपट्ट्याशी असलेलं नातं

बाटली रॅकवर आली की तोटी उघडून पाणी लहान काचेच्या बाटल्यांत भरतात. विरघळलेल्या प्राणवायूसाठी आधी, कारण हवा लागली की तो आकडा बदलतो. क्षारासाठी नंतर. काचेची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून घ्यायची, नाहीतर आधीच्या नमुन्याचं मीठ यात येतं.

क्षार मोजायला समुद्राचं पाणी आटवून मीठ तोलता येत नाही. आटवताना काही क्षार विघटन पावतात, काही ओलावा धरून ठेवतात, आणि डोलत्या जहाजावर तराजू चालतच नाही. त्यामुळे क्लोराइड मोजत. ठरावीक पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं होतं. वरच्या काचनळीतून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. क्लोराइड असेपर्यंत पांढरा साका बसत राहतो. ते संपलं की पुढचा थेंब रंग लालसर करतो. तिथे थांबायचं आणि किती द्रावण लागलं ते वाचायचं. द्रावण बरोबर आहे ना हे पाहायला कोपनहेगनहून आलेलं प्रमाणित समुद्रजल बंद काचकुप्यांत जहाजावर असे.

ही रीत खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागातल्या, लोकांना परकी नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या गावांत विहिरीचं पाणी तपासायला पाठवलं की त्यातलं क्लोराइड प्रयोगशाळा पूर्वापार याच रीतीने काढतात. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर १,००० पर्यंत चालवून घेतात. समुद्राच्या पाण्यात ते १९,००० च्या वर असतं.

पण एक फरक लक्षात ठेवा. 'चॅलेंजर'ने जगभरातून आणलेले ७७ नमुने रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापला: समुद्र कुठलाही असो, निरनिराळ्या क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सारखंच असतं. त्यामुळे नुसतं क्लोराइड कळलं की एकूण क्षार काढता येतात. नंतर ठरलेलं सूत्र होतं, क्लोराइडचा आकडा गुणिले १.८०६५५. किलोला १९.४ ग्रॅम आला की एकूण क्षार ३५ ग्रॅम. खारपाणपट्ट्यात हे सूत्र चालणार नाही. तिथे एका विहिरीत सोडियम जास्त, दुसरीत सल्फेट जास्त, प्रमाण विहिरीगणिक बदलतं. पाण्यात फार काळ मिसळून एकजीव झालेले क्षार फक्त समुद्रातच आहेत.

या आकड्याचं पावसाशी काय? अरबी समुद्राच्या वरच्या पाण्यात क्षार किलोला ३६ ग्रॅमच्या आसपास असतात. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर ते ३० च्याही खाली जातात, कारण गंगा-ब्रह्मपुत्रेपासून महानदी-गोदावरीपर्यंतच्या नद्या तिथे गोडं पाणी ओततात आणि वरून पाऊसही पडतो. आपल्या प्राणहितेचा वाटा त्यात लहान आहे, पण आहे. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगत राहतं. वाऱ्याने समुद्र घुसळला तरी खालचं थंड, खारं पाणी सहज वर येत नाही. वरचा पातळ थर उन्हाने तापलेलाच राहतो, बहुधा २८ अंशांच्या वर, आणि एवढ्या तापमानाला ढग उंच वाढायला लागतात. कमी दाबाचे पट्टे तिथे एकामागून एक का तयार होतात याच्या उत्तराचा मोठा भाग हा आहे. बाटलीतल्या पाण्याचा आकडा आणि आपल्या सोयाबीनला लागणारा पाऊस यांच्यामधला धागा हा असा आहे.

प्रतिध्वनीने मोजलेली खोली, आणि जाळी

'वित्याझ'चं नाव पाठ्यपुस्तकांत पोचलं ते १९५७ मध्ये मारियाना गर्तेत, म्हणजे पश्चिम पॅसिफिकमधल्या जगातल्या सर्वांत खोल जागी, मोजलेल्या खोलीमुळे. तोवर दोर मागे पडून प्रतिध्वनी आला होता. जहाजाच्या तळातून आवाज सोडायचा, तळावर आपटून परत यायला लागलेला वेळ मोजायचा. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. ११ किलोमीटर खाली जाऊन परत यायला त्याला पावणेपंधरा सेकंद लागतात. त्या वेळी छापला गेलेला ११,०३४ मीटर हा आकडा वर्षानुवर्षं पुस्तकांत राहिला. आजच्या मोजण्या १०,९३० मीटरच्या आसपास येतात. गर्त काही उथळ झालेली नाही. आवाजाचा वेग पाण्याचं तापमान, क्षार आणि दाब यांवर ठरतो, आणि वेगाच्या गृहीतात एक टक्का चूक झाली तर या खोलीत ११० मीटरचा फरक पडतो. शिवाय जुन्या यंत्राचा आवाज खाली जाताना किलोमीटरगणिक पसरायचा, त्यामुळे नेमक्या कुठल्या बिंदूवरून परत आला हेही धूसर असे.

समुद्रातले सूक्ष्म जीव पकडायच्या जाळ्यांच्या बाबतीत मात्र 'वित्याझ'बरोबर दुसऱ्या एका जहाजाचं नाव घ्यावं लागतं. स्कॉटलंडमध्ये डंडी शहरात 'डिस्कव्हरी' आहे. ते १९०१ मध्ये तिथेच बांधलेलं लाकडी जहाज, १९८६ मध्ये परत तिथेच आणलं गेलं. कॅप्टन स्कॉट यांची पहिली अंटार्क्टिक मोहीम याच जहाजावर झाली. त्याची भिंत ठिकठिकाणी ६० सेंटिमीटरहून जाड आहे, बर्फाचा दाब सोसायला. चुंबकीय मोजणीच्या खोलीभोवती ३० फुटांत लोखंड वापरायचं नाही असा नियम बांधणीतच पाळला होता. १९२५ ते १९२७ मध्ये हेच जहाज देवमासे आणि त्यांचं खाणं अभ्यासायला दक्षिण महासागरात गेलं. जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांनी तिथे एक यंत्र वापरलं. चालत्या जहाजामागे ते ओढायचं. पुढच्या लहान छिद्रातून पाणी आत येतं, रेशमी पट्टीतून गाळलं जातं, आणि पाण्याच्या जोराने फिरणारा पंखा ती पट्टी हळूहळू पुढे गुंडाळत जातो. पट्टीवर सूक्ष्म जीव क्रमाने अडकतात आणि फॉर्मेलिनमध्ये टिकून राहतात. पट्टीचा कुठला भाग म्हणजे प्रवासाचा कुठला टप्पा, हे नंतर मोजता येतं. या यंत्राची सुधारित आवृत्ती मालवाहू जहाजांमागे लावून १९३१ पासून नोंदी चालू आहेत.

तिथे जायचं झालं तर

कालिनिनग्राड रशियाचा भाग असला तरी बाकी रशियापासून तुटलेला आहे, मध्ये लिथुआनिया आणि पोलंड येतात. जमिनीवरून जायचं तर त्या देशांचा व्हिसाही लागतो, म्हणून मॉस्को किंवा सेंट पीटर्सबर्गहून विमानाने जाणं सोपं. व्हिसाचे नियम आणि विमानसेवा गेल्या काही वर्षांत वारंवार बदलल्या आहेत. दूतावासाची अधिकृत माहिती पाहिल्याशिवाय तिकीट काढू नका. जहाज कुठल्या वारी बंद असतं आणि आत वाटाड्याबरोबरच जावं लागतं का, हे संग्रहालयाकडूनच निघण्यापूर्वी विचारून घ्या.

जुनं जहाज हे इमारतीसारखं चालायचं ठिकाण नाही. शिड्या उभ्या असतात. उतरताना तोंड शिडीकडे करून, दोन्ही हात मोकळे ठेवून उतरायचं, त्यामुळे पाठीवरची पिशवी बाहेरच ठेवा. दारांना गुडघ्याला लागेल असा उंच उंबरठा असतो, लाटेचं पाणी खोलीत येऊ नये म्हणून. डोक्यावर पाइप असतात. रबरी तळव्याचे बूट घाला, साडी किंवा लांब ओढणी शिडीत अडकते. गुडघेदुखी असेल तर वरचा डेक, सुकाणूची खोली आणि डेकवरच्या प्रयोगशाळा एवढंच ठरवा. इंजिनाच्या खोलीत शिरायचा हट्ट नको.

काही भाग बंद दिसले तर नाराज होऊ नका. पोलादी जहाज सर्वांत जास्त गंजतं ते पाण्याच्या रेषेवर, जिथे पाणी आणि हवा दोन्ही आलटूनपालटून लागतात. तिथले पत्रे दरवर्षी थोडे थोडे झिजतात, ते ठोकून आणि ध्वनियंत्राने जाडी मोजून बदलावे लागतात. लाकडी 'डिस्कव्हरी'ची अडचण वेगळी. तिला पावसाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त नडतं. डेकच्या फळ्यांमधून झिरपलेलं गोडं पाणी लाकडात बुरशी धरतं आणि आतून कुजवतं. ही दुरुस्ती कधी संपत नाही.

परदेशी जाणं जमणार नसेल तर गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेला शाळेच्या पत्रावर भेटीची विचारणा करता येते. ती सीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, संस्था आहे, आणि सीएसआयआरचा स्थापना दिवस २६ सप्टेंबर. त्या सुमारास तिच्या अनेक प्रयोगशाळा लोकांना आत येऊ देतात. नागपूरची नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, त्याच कुटुंबातली, पाण्याच्या तपासणीची उपकरणं तिथेही पाहता येतील.

गावातल्या तळ्यावर करता येईल एवढं

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मालगुजारी तलाव आहेत, त्यांवर दोन मोजण्या शाळेला सहज जमतात. मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांच्या डोंग्यातून, त्यांच्याच देखरेखीखाली, मुलांना लाइफ जॅकेट घालून. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यावर हे अजिबात करू नका. तो कागद ओला झाला की माणूस घसरतो आणि परत वर चढू शकत नाही.

पहिली मोजणी पाण्याच्या पारदर्शकतेची. १८६५ मध्ये इटलीच्या अँजेलो सेक्की यांनी जहाजावरून पांढरी तबकडी पाण्यात सोडून ही पद्धत रूढ केली. ३० सेंटिमीटर व्यासाचा पत्रा कापा, पांढरा रंग द्या, मधोमध भोक पाडून खाली किलोभर वजन बांधा. नायलॉनची दोरी आधी भिजवून ताणून घ्या आणि मग दर १० सेंटिमीटरला खूण करा. कोरडी सुती दोरी भिजल्यावर आखडते आणि खुणा खोट्या ठरतात. सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान, डोंग्याच्या सावलीच्या बाजूने तबकडी सोडा. दिसेनाशी झाली तो आकडा, मग वर ओढताना पुन्हा दिसली तो आकडा, दोन्हींची सरासरी. पावसाळ्यात गढूळ तळ्यात अर्धा मीटरही येणार नाही. स्वच्छ खोल समुद्रात ३० मीटरहून जास्त येतं.

दुसरी मोजणी खालच्या पाण्याची. अर्ध्या लिटरची काचेची बाटली, तिला वजन, तोंडाला बूच आणि बुचाला वेगळी दोरी. ठरलेल्या खोलीवर नेऊन बुचाची दोरी झटक्याने ओढा. बुडबुडे थांबले की वर काढा आणि लगेच तापमान घ्या. तीन-चार मीटरपर्यंत हे चालतं. १० मीटरवर मात्र दोन सेंटिमीटर व्यासाच्या बुचावर तीन किलोच्या आसपास जास्तीचा दाब येतो, बूच आत रुतून बसतं आणि दोरी ओढताना अख्खी बाटलीच वर येते.

वहीत तारीख, वेळ, जागा, खोली, तापमान, ढग आणि वारा एवढे रकाने आखा. मे महिन्यात दुपारी वरच्या आणि तीन मीटरच्या पाण्यात फरक दिसेल, जोराचा वारा सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी तो कमी झालेला दिसेल. टीडीएस मीटर असेल तर तोही रकाना घाला, पण वापरण्याआधी प्रमाणित द्रावणावर तपासून घ्या. ते यंत्र पाण्यातून वीज किती सहज जाते हे मोजून क्षाराचा अंदाज देतं. आजच्या संशोधन जहाजांवर पितळी बाटलीच्या जागी जे विद्युत उपकरण तारेला लावून सोडतात, तेही क्षार याच रीतीने काढतं.